बदली या शब्दाचे दोन अर्थ

खाजगी नोकरी "मिळते" किंवा "लागते". सरकारी नोकरीत मात्र माणूस "चिकटतो". हा शब्द पहिल्यांदा कोणी वापरला देव जाणे, पण त्याने अचूक नेम धरला होता. चिकटलेला माणूस पडत नाही, फारसा हलत नाही, आणि त्याला काढायचं म्हटलं तर खरवडून काढावं लागतं!

गेले काही महिने आमच्या नातेवाईकांत हा विषय पुन्हा तापलाय. निमित्त माझ्या भाचीचं, ते पुढे येईलच. पण या वादात दोन्हीकडची मंडळी असं बोलतात की जणू "सरकारी" आणि "खाजगी" या दोन डोंगरासारख्या अचल गोष्टी आहेत, आपण फक्त कुठल्या डोंगरावर चढायचं ते ठरवायचं. मला इतिहासाची जुनी खोड आहे (घरच्यांना ठाऊक आहे, इतरांनी सोसून घ्यावं), आणि जरा मागे जाऊन पाहिलं तर हे डोंगर चांगलेच जागा बदलताना दिसतात.

"उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी" हे आपण सगळे ऐकत आलो. पण ही म्हण चालत होती त्याच काळात गावोगावी पाटील, कुलकर्णी वतनासाठी भाऊबंदकी करत होते. वतन म्हणजे काय? एका अर्थाने सरकारी नोकरीच. फरक इतकाच की ती पिढीजात, तिची तक्षीम पडायची, त्यावरून पिढ्यान्‌पिढ्या तंटे चालायचे. "चिकटणं" हे तिथूनच आलं असावं असं मला वाटतं. कुलकर्णी वतन कायद्याने रद्द झालं ते 1950 च्या कायद्याने, म्हणजे हे काही फार जुनं नाही.

याच वतनाची दुसरी बाजू महार वतनात दिसते. नोकरी कायम, पण बदल्यात मोबदला नावाला आणि काम रात्रंदिवस, सरकारचं आणि गावाचंही. सोडायची म्हटलं तर सोय नाही. डॉ. आंबेडकरांनी 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात या वतनाविरुद्ध विधेयक आणलं, आणि ही वतनं खरोखर संपवणारा कायदा झाला 1958 मध्ये, ते गेल्यावर दोन वर्षांनी. तेव्हा "कायम" या शब्दावर नुसतं भाळून जाऊ नये. वेठसुद्धा कायमच असते.

आता इंग्रजी अमदानीतल्या एका वर्षाबद्दल सांगतो. मला ते वर्ष फार आवडतं. 1879. पुण्यातले तीन सरकारी नोकर घ्या.

पहिले महादेव गोविंद रानडे. मुंबई विद्यापीठाच्या अगदी पहिल्या पदवीधरांतले, न्यायखात्यात मोठ्या हुद्द्यावर. सरकारी नोकरी सांभाळून हा माणूस सार्वजनिक सभा, व्याख्यानमाला, अर्थशास्त्रावरचे लेख, सगळं करत होता. सरकारला हे आवडत नव्हतं, पण काढायला कारणही नव्हतं. मग सरकार ते करतं जे ते आजही करतं. बदली! आधी पुण्याहून नाशिक, आणि 1879 मध्ये तिथून धुळे. धुळ्यात त्यांचं टपाल फोडलं जायचं ही आठवण रमाबाईंनी लिहून ठेवली आहे. रानड्यांनी राजीनामा दिला नाही. काम करत राहिले, आणि 1893 मध्ये मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले.

दुसरे विष्णुशास्त्री चिपळूणकर. सरकारी शाळेत मास्तर, आणि 1874 पासून निबंधमाला चालवणारे. त्यांचीही पुण्याहून रत्नागिरीला बदली झाली. शास्त्रीबुवांचा स्वभाव रानड्यांचा नव्हे. त्यांनी 1879 मध्ये नोकरीवर पाणी सोडलं आणि 1 जानेवारी 1880 ला पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल उघडली. टिळक बरोबर होते, आगरकर पाठोपाठ आले.

तिसरे वासुदेव बळवंत फडके. लष्कराच्या हिशेब खात्यात कारकून. आई आजारी असताना वेळेवर रजा मिळाली नाही आणि शेवटची भेट हुकली, ही गोष्ट त्यांच्या चरित्रात सांगितली जाते. त्यांनी काय केलं ते शाळेच्या पुस्तकात आहे. 1879 मध्ये बंड, पकडले जाणं, एडन, आणि 1883 मध्ये तिथेच मृत्यू.

गंमत अशी की रानड्यांकडे सरकार संशयाने बघायला लागलं त्याला फडक्यांच्या बंडाचीही पार्श्वभूमी होती. म्हणजे एका कारकुनाने बंड केलं आणि एका न्यायाधीशाची बदली झाली. तिघेही एकाच शहरातले आणि एकाच सरकारचे नोकर. एकाने नोकरीत राहून काम केलं, एकाने सोडून केलं, एकाने नोकरीसकट सगळंच झुगारलं. आपण तिघांचेही पुतळे उभारले. त्यामुळे "सरकारी नोकरीत राहून काही करता येत नाही" असं कोणी म्हणालं की मला रानडे आठवतात आणि "खाजगीत स्वातंत्र्य असतं" असं म्हणालं की त्यापुढची गोष्ट आठवते.

पुढची गोष्ट अशी. 1884 मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी झाली, 1885 मध्ये फर्ग्युसन कॉलेज. ही सगळी पदवीधर मंडळी, सरकारात गेली असती तर शेकड्यांनी पगार घेतला असता. आगरकरांनी तर आईला पत्र लिहून कळवलं होतं की मोठ्या पगाराची आशा ठेवू नकोस. गोखल्यांनी इथे महिना 75 रुपयांवर वीस वर्षं सेवेचा करार पाळला. आता ही काही सरकारी नोकरी नव्हती. पण भांडणं? पगारावरून, बाहेरच्या कामावरून, बाहेरच्या मिळकतीवरून. टिळकांनी 1890 मध्ये राजीनामा दिला तो या खाजगी, त्यागी, आपल्याच माणसांच्या संस्थेतून! (टिळकभक्त काकांनी रागावू नये. बाजू कोणाची बरोबर हा वेगळा विषय आहे.)

पण इथे थांबलो तर गोष्ट अर्धीच राहील, कारण सरकारी नोकरी सोडण्याचा रुबाब करायला आधी ती मिळावी लागते. महात्मा फुले हेच तर ओरडून सांगत होते. सरकारी खात्यांत एकाच जातीचा भरणा, आणि तिथे बसलेला कारकून शेतकऱ्याला कसा नाडतो, हे त्यांनी 1873 च्या गुलामगिरीपासून 1882 च्या हंटर कमिशनपुढच्या निवेदनापर्यंत मांडलं. शाहू महाराजांनी 26 जुलै 1902 ला कोल्हापूर संस्थानात रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागासवर्गीयांसाठी ठेवण्याचा हुकूम काढला. आणि 1943 मध्ये व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळताना आंबेडकरांनी केंद्राच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी 8.33 टक्के जागा राखून घेतल्या.

स्वतः आंबेडकरांनी दोन्ही घरांचा अनुभव घेतला होता. 1917 मध्ये बडोदा संस्थानात नोकरीला गेले. शिक्षण परदेशातलं, हुद्दा चांगला, आणि राहायला शहरात जागा मिळेना. पारशी धर्मशाळेतून हाकलले गेले आणि अकरा-बारा दिवसांत बडोदं सोडावं लागलं. नोकरी सरकारी असली तरी गाव तेच असतं. तरीही पुढे आयुष्यभर त्यांनी सरकारी जागांचा आग्रह धरला. कारण उघड आहे. सरकारला निदान नियम विचारता येतो. शेठजीला काय विचारणार?

म्हणून ज्यांच्या घरात तीन पिढ्या नोकऱ्या आहेत त्यांनी "सरकारी नोकरीचं कसलं वेड लागलंय या पोरांना" असं म्हणताना जरा जपून बोलावं, असं माझं मत आहे.

आता शीर्षकातला शब्द.

माझे वडील (आम्ही त्यांना दादा म्हणायचो) गिरणीत होते, साचेखात्यात. काका, म्हणजे आमचे अण्णा, बांधकाम खात्यात कारकून. दोघे भाऊ एकाच खोलीत राहायचे आणि दोघांच्या तोंडी "बदली" हा शब्द सतत असायचा. लहानपणी मला वाटायचं की एकाच गोष्टीबद्दल बोलताहेत. अण्णांची बदली म्हणजे चंद्रपूरला जावं लागणं. दादांची बदली म्हणजे कायम नसणं. गिरणीत बदली कामगार म्हणजे ज्याला रोज सकाळी पाळीच्या वेळी फाटकावर हजर राहायचं, आणि कोणी कायम कामगार आला नाही तर त्याच्या जागी काम मिळायचं. नाही मिळालं तर परत घरी. जॉबरशी सूत जमलेलं असलं तर दिवस जास्त भरायचे. दादांची सात वर्षं अशी गेली. मग ते पर्मनंट झाले, आणि त्या दिवशी पेढे आले होते असं आई सांगायची.

त्या काळी पगार कोणाचा जास्त? दादांचा. हे आज कोणाला खरं वाटत नाही. बोनस, महागाई भत्ता, ओव्हरटाइम धरला तर गिरणीतला विणकर सरकारी कारकुनाला मागे टाकायचा. अण्णांच्या खात्यातली माणसं तेव्हा रडत असायची. 1977 च्या डिसेंबरात राज्य सरकारी कर्मचाऱ्यांनी संप केला, तो 54 दिवस चालला. मागणी काय, तर केंद्रासारखा महागाई भत्ता. त्या 54 दिवसांत आमचं घर दादांच्या पगारावर चाललं. अण्णा याची आठवण पुढे कधी काढत नसत.

मग 18 जानेवारी 1982. डॉ. दत्ता सामंतांचा संप, सुमारे अडीच लाख गिरणी कामगार बाहेर. हा संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. दादांची गिरणी पुन्हा नीट सुरू झाली नाही. जे देणं द्यायचं होतं ते तिने वर्षानुवर्षं अडकवलं, आणि दादा एका सोसायटीत रात्रपाळीचे वॉचमन झाले. गिरणीचं नाव लिहीत नाही. तिथे आता उंच काचेची इमारत आहे, माझ्या भाचीची पहिली मुलाखत तिच्यातच झाली होती.

त्यानंतरची वीस वर्षं घर अण्णांच्या पगारावर उभं होतं. 54 दिवसांची फेड म्हणा.

या सगळ्यात फरक कशाचा पडला, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. पगाराचा नाही. पगाराचं पारडं सतत खालीवर होत आलंय. पहिल्या वेतन आयोगाने 1947 च्या सुमारास केंद्राच्या नोकराला किमान 55 रुपये सुचवले, चौथ्याने 1986 पासून 750 केले, सातव्याने 2016 पासून 18,000. मधे नव्वदीत आणि त्यानंतर सॉफ्टवेअर आलं आणि तेवीस वर्षांच्या पोराचा पगार निवृत्तीला आलेल्या मामलेदाराच्या पुढे गेला. तेव्हा आमच्याच घरात लोक म्हणायचे, सरकारी नोकरी म्हणजे दळभद्री काम! तेच लोक 2008 च्या मंदीत आणि नंतर कोरोनाच्या काळात काय म्हणत होते ते मी इथे लिहीत नाही.

फरक पडला तो दोन गोष्टींनी. तुम्हाला कोण आणि कसं काढू शकतं, आणि म्हातारपणी काय.

पहिल्यासाठी घटनेत 311 वं कलम आहे. चौकशी केल्याशिवाय, बाजू मांडू दिल्याशिवाय सरकारी नोकराला बडतर्फ करता येत नाही (अपवाद आहेत, पण थोडे). हे संरक्षण केंद्र आणि राज्य सरकारच्या नोकरांना आहे. महामंडळांना, सरकारी कंपन्यांना नाही. हा बारीक फरक आपल्याकडे जाहिरातीत कोणी वाचत नाही. एस.टी.च्या कामगारांनी तो फार कठीण पद्धतीने शिकला. गावात एस.टी.चा कंडक्टर म्हणजे सरकारी माणूसच. पण 2021 च्या शेवटी सुरू झालेल्या संपाची मुख्य मागणीच ही होती की महामंडळ राज्य सरकारात विलीन करा. म्हणजे आम्हाला खरोखरचे सरकारी करा! पाच महिन्यांच्या वर चालला. विलीनीकरण झालं नाही, आणि कोर्टाने दिलेल्या मुदतीत, एप्रिल 2022 मध्ये, लोक कामावर परतले.

पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचंही तेच. 1954 ची कंपनी, देशातला पेनिसिलिनचा पहिला सरकारी कारखाना. वसाहत, शाळा, मैदान. त्या काळी तिथे लागणं म्हणजे स्वर्ग. समोरच पुढे टेल्को आली, बजाज आली, खाजगी. 1997 मध्ये सरकारी कारखाना आजारी ठरला, आणि 2010 नंतरच्या वर्षांत तिथले पगार महिनोन्‌महिने थकले, तेव्हा शेजारच्या खाजगी कारखान्यांत पगार वेळेवर होत होता.

आणि सरकारी म्हणजे न्याय्य असंही समजू नये. एअर इंडियाचा नियम होता की हवाई सुंदरी पहिल्यांदा गरोदर राहिली की नोकरी संपली. सरकारी विमान कंपनीचा नियम! तो सुप्रीम कोर्टाने रद्द केला 1981 मध्ये. ही कंपनीही बघा. टाटांनी काढली, 1953 मध्ये सरकारने घेतली, आणि 2022 च्या जानेवारीत परत टाटांकडे. 1969 मध्ये राष्ट्रीयीकरण झालेल्या 14 बँकांत पुण्याची बँक ऑफ महाराष्ट्रही होती. 18 जुलैच्या रात्री खाजगी नोकर म्हणून झोपलेला कारकून 19 तारखेला सरकारी झाला. त्याने स्वतः काहीच निवडलं नव्हतं!

दुसरी गोष्ट, म्हातारपण. अण्णांना जुनं पेन्शन मिळतं, त्यावर महागाई वाढते तशी वाढ मिळते. वय 84. शेवटच्या पगाराच्या कितीतरी पट रक्कम आज त्यांच्या खात्यात येते आणि ते दर वेळी पासबुक भरून आणायला स्वतः चालत जातात. पण 1 जानेवारी 2004 नंतर केंद्रात आणि 1 नोव्हेंबर 2005 नंतर आपल्या राज्यात लागलेल्यांना हे नाही. त्यांच्यासाठी बाजाराशी जोडलेली नवी योजना आली. म्हणजे एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसलेले दोन कारकून, एक ऑक्टोबरात लागलेला आणि एक डिसेंबरात, दोन वेगळ्या जगांत म्हातारे होणार. मार्च 2023 मध्ये राज्यातल्या कर्मचाऱ्यांनी जुन्या पेन्शनसाठी आठवडाभर संप केला तो यावरून. नंतर केंद्राने 1 एप्रिल 2025 पासून एक तिसरीच, हमीची योजना आणली. खाजगीतल्यांनी मात्र या भांडणाकडे जरा उपरोधाने पाहिलं, आणि त्यांना दोष देता येत नाही. भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शनची किमान रक्कम 2014 मध्ये ठरली ती महिना 1000 रुपये.

आता भाची. वय सव्वीस, हिंजवडीत चार वर्षं नोकरी, पगार अण्णांच्या पेन्शनपेक्षा बराच जास्त. ती सोडून तिने पुण्यात सदाशिव पेठेत खोली घेतली आहे आणि स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते आहे. घरात दोन तट. माझी बहीण म्हणते वेडेपणा. अण्णा म्हणतात शहाणी आहे. मला विचारलं तेव्हा मी तिला दादांची बदली आणि अण्णांची बदली, दोन्ही सांगितल्या. ती म्हणाली, "मामा, माझ्या कंपनीत मी तिसऱ्या प्रकारची बदली होते. प्रोजेक्ट संपलं की बेंचवर बसायचं आणि कोणी घेतंय का वाट बघायची." दादांचं फाटक आठवलं मला.

तिचा निर्णय चूक आहे असं मी म्हणणार नाही. पण आकडे तिला सांगितले. 2023 च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागांसाठी दहा लाखांहून जास्त अर्ज होते. शंभरातल्या नव्व्याण्णवांहून अधिक मुलांना ती जागा मिळणारच नव्हती, कितीही अभ्यास केला तरी. म्हणून माझं तिला एकच सांगणं होतं, वर्षं मोजून ठरव. दोन म्हणजे दोन. दादांनी सात वर्षं फाटकावर काढली ती तिथे निदान अधूनमधून हजेरी मिळत होती म्हणून. अभ्यासिकेत हजेरी मिळत नाही, उलट आपणच फी भरतो.

यावर अण्णा चिडले. म्हणाले, तिचं मन मोडू नकोस. मी म्हटलं, अण्णा, तुम्ही ज्या खात्यात चिकटलात ते खातं आता आहे कुठे? 2023 च्या सप्टेंबरात सरकारने नऊ एजन्सींमार्फत कंत्राटी भरती करण्याचा जी.आर. काढला होता. ओरड झाली, ऑक्टोबरात तो मागे घेतला. पण जी.आर. जाण्यायेण्याच्या आधीपासून शाळेत, दवाखान्यात, तुमच्याच बांधकाम खात्यात कंत्राटी माणसं काम करताहेतच की. पगार एजन्सीकडून, काम सरकारचं, आणि कराराची मुदत अकरा महिने.

अण्णा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे दादाचीच बदली ती." आणि पासबुक घेऊन बँकेत निघून गेले.